सोलापुरात राहून बिझनेस-टेक्नॉलॉजीची वकिली कशी उभी करायची

दरवर्षी सीईटीचा निकाल लागला की कुणीतरी ओळखीचं आपल्या पोरीला किंवा पोराला घेऊन ऑफिसात येतं. प्रश्न ठरलेला. "साहेब, ही कॉर्पोरेट वकील व्हायचं म्हणते. मुंबईलाच जायला लागतं ना त्याला?" पोरीच्या डोळ्यांपुढे काचेची इमारत असते, बापाच्या डोळ्यांपुढे त्या इमारतीजवळच्या खोलीचं भाडं.

मी काही बोलायच्या आधी टेबलावरची एक फाईल पुढे सरकवतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखानदाराची. ऑर्डर आली व्हॉट्सॲपवर, बिल निघालं टॅलीतून, माल गेला ट्रान्सपोर्टने, निम्मे पैसे आले आरटीजीएसने आणि उरलेल्या निम्म्यांसाठी दिल्लीची पार्टी आता फोन उचलत नाही. शिवाय त्याच कारखानदाराच्या ब्रँडशी मिळतंजुळतं नाव लावून कुणीतरी ऑनलाइन टॉवेल विकतंय, तेही याचेच फोटो वापरून. या एका फाईलमध्ये करार कायदा, एमएसएमई म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा, इलेक्ट्रॉनिक पुरावा, ट्रेडमार्क, कॉपीराइट सगळं आहे. बिझनेस-टेक्नॉलॉजीची वकिली म्हणतात ती हीच. मुंबईत रकमेच्या पुढची शून्यं जास्त, एवढाच काय तो फरक.

हा लेख त्या पोरीसाठी आहे. तसाच दिवाणी कामाची आठ-दहा वर्षं काढून आता या बाजूला वळू पाहणाऱ्या माझ्यासारख्यांसाठीही.

प्रवेश आणि कॉलेज

बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा. दोन्हींसाठी राज्य सीईटी कक्षाची एमएच-सीईटी लॉ द्यावी लागते. खुल्या प्रवर्गाला पात्रता परीक्षेत ४५ टक्के गुण हवेत. राष्ट्रीय विधी विद्यापीठात जायचं असेल तर क्लॅट ही वेगळी प्रवेश परीक्षा. महाराष्ट्रात अशी तीन विद्यापीठं आहेत, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर. सोलापुरात दयानंद विधी महाविद्यालय आहे, आणि पुण्याचं आयएलएस १९२४ पासून आहे.

कॉलेजच्या नावावर मी फार वेळ घालवत नाही. मोठ्या कॉलेजातून पहिली नोकरी लवकर लागते हे खरं. पण घरी राहून शिकणाऱ्याकडे एक गोष्ट जास्त असते, ती म्हणजे दुपार. सकाळी कॉलेज, दुपारी एखाद्या सीएच्या किंवा वकिलाच्या ऑफिसात बसणं. बी.कॉम. करून तीन वर्षांच्या लॉला आलेली मुलं या कामात पटकन रुळतात, असा माझा अनुभव आहे. ताळेबंद वाचता येणारा वकील आणि न येणारा वकील यांच्यातला फरक पक्षकाराला पहिल्या दहा मिनिटांत कळतो.

शिकताना पाच कायदे मूळ इंग्रजी मजकुरातून वाचा, गाइडमधून नको: करार कायदा १८७२, माल विक्री कायदा १९३०, कॉपीराइट कायदा १९५७, माहिती तंत्रज्ञान कायदा २०००, एमएसएमई विकास कायदा २००६. कंपनी कायदा एवढा मोठा आहे की तो काम पडेल तसाच अंगवळणी पडतो. 'इंडिया कोड' या सरकारी संकेतस्थळावर सगळे कायदे दुरुस्त्यांसह फुकट मिळतात.

सनद

सनद म्हणजे वकिलीचा परवाना. त्यासाठी पदवीनंतर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी. पूर्वी वेगवेगळ्या राज्यांत यासाठी हजारो रुपये घेत. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये लिहिलेल्या फीपेक्षा जास्त घेता येणार नाही. म्हणजे खुल्या प्रवर्गाला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये, वर मुद्रांक शुल्क. नंतर एआयबीई ही अखिल भारतीय परीक्षा. तिला टिपणं न काढलेले कोरे बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्याचा नुसता मूळ मजकूर, सोबत नेता येतात. नेतात सगळे, पण कलम कुठे आहे हे आधी माहीत नसेल तर पुस्तक उघडून उपयोग नाही.

पहिली दोन वर्षं कोर्टात काढा

करारच लिहायचे असतील तर कोर्टात कशाला जायचं, असं मुलं विचारतात. करार फाटतो तो कोर्टात. कुठल्या शब्दावर फाटला हे ज्याने पाहिलेलं नाही, त्याने लिहिलेला करार छान दिसतो आणि वेळेला कामी येत नाही.

दिवाणी आणि व्यापारी दावे चालवणारे सीनियर शोधा. चेक बाऊन्सची कामं कमी लेखू नका. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ मध्ये चेक परत आल्याचा बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस, आणि त्यानंतर एका महिन्यात फिर्याद. या तीन मुदती सांभाळताना तारखांची जी शिस्त लागते, तिच्यावर पुढची सगळी वकिली उभी राहते.

व्यापारी न्यायालयांचा २०१५ चा कायदा वेगळा बसून वाचा. २०१८ च्या दुरुस्तीने किमान रक्कम एक कोटीवरून तीन लाखांवर आली, त्यामुळे सोलापूरच्या बाजारातले बरेच वाद आता त्यात बसतात. नुसती मालाची उधारीच नव्हे, तंत्रज्ञान विकसित करून देण्याचे करारही 'व्यापारी वादा'च्या व्याख्येत आहेत. दोन गोष्टींवर जुने वकीलही अडखळतात. तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर कलम १२-अ खाली आधी मध्यस्थी करावीच लागते, नाहीतर दावा दारातूनच परत येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पाटील ऑटोमेशनच्या निकालात हे पक्कं केलं. आणि प्रतिवादीने समन्स मिळाल्यापासून १२० दिवसांत कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, दिली नाही तर हक्कच जातो. नेहमीच्या दिवाणी कोर्टात चालतं तसं "साहेब, एक तारीख द्या" इथे चालत नाही.

पैशाचं काय? बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरला शहरात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावं, असं परिपत्रक काढलं. ती शिफारस आहे, सक्ती नाही. मला पहिलं वर्षभर पेट्रोल आणि चहा मिळत होता. आजही अनेक ठिकाणी फार वेगळं नाही, तेव्हा घरच्यांशी दोन वर्षांचा हिशोब आधी बोलून घ्या.

हायकोर्टाच्या कामासाठी आता सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्र काढत मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय आणि सोलापूर जिल्हा त्यात आहे. एखाद्या सीनियरचं तिकडे काम असेल तर बॅग उचलायला तयार राहा.

कारखान्यात जाऊन एका ऑर्डरचा प्रवास लिहून काढा

हे कुठल्याच अभ्यासक्रमात नाही, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. कायदा उघडण्याआधी धंदा समजून घ्या. ओळखीच्या यंत्रमागवाल्याकडे किंवा युनिफॉर्मवाल्याकडे एक दिवस जा. वही घ्या आणि एकच ऑर्डर धरून विचारत जा.

ऑर्डर कशी आली? दलालामार्फत की थेट? भाव कधी ठरला, फोनवर का मेसेजवर? सॅम्पल पास कुणी केलं? माल गाडीत चढला तेव्हा सही कुणाची? बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टची पावती, कुठे ठेवता? तिकडे माल उतरल्यावर पोच येते का? पैसे किती दिवसांत? नाही आले तर पहिला फोन कोण करतं, मालक की मुनीम? कमी वजनाचा माल निघाला तर परत येतो की भावात कापतात?

ही वही भरली की तुम्हाला दिसेल, अडचण दोन-तीनच ठिकाणी येते. बहुतेकांकडे माल पोचल्याचा पुरावा नसतो. बिल असतं, बिल्टी ट्रान्सपोर्टवाल्याकडे, आणि पोचपावती कुणालाच माहीत नसते. दावा लागल्यावर समोरचा म्हणतो, "माल आलाच नाही." मग मुनीम तीन वर्षांपूर्वीचा कागद शोधत बसतो. तुम्ही त्या मालकाला एवढंच लावून दिलंत की प्रत्येक डिलिव्हरी चलनाच्या सही-शिक्क्यासह फोटो त्याच दिवशी एका ठरलेल्या मेलवर जाईल, तर पुढच्या दहा दाव्यांचं काम तिथेच झालं.

याच वहीतून एमएसएमईचा मुद्दा निघतो. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाने पुरवलेल्या मालाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. खरेदीदार दिल्लीचा असला तरी सुविधा परिषदेपुढे, म्हणजे अशा थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या सरकारी परिषदेपुढे, अर्ज पुरवठादाराच्या राज्यात करता येतो, आणि परिषदेचा निवाडा आव्हानायचा असेल तर खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. नवी पेठेतल्या व्यापाऱ्याला मात्र हे सांगून आशा लावू नका: निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्यांची उद्यम नोंदणी, म्हणजे एमएसएमई म्हणून सरकारी नोंद, २०२१ पासून होते, पण तिचा लाभ बँकेच्या प्राधान्य कर्जापुरताच आहे. उत्पादक आणि सेवा देणारे यांच्यासाठीच हा रस्ता आहे. आणि नोंदणी माल पाठवायच्या आधीची हवी. भांडण झाल्यावर घाईने काढलेल्या उद्यम प्रमाणपत्रावर समोरचा वकील पहिलं बोट ठेवतो.

बिलाच्या तळाशी 'सोलापूर न्यायक्षेत्र' छापलेलं असतं, ते सगळ्यांना कवच वाटतं. ते तेवढं भक्कम नाही. एका बाजूने बिलावर छापलेली ओळ दुसऱ्याने मान्य केली होती का, हा वाद निघतोच. तीच ओळ दोघांच्या सहीच्या करारात असेल आणि व्यवहाराचा काही भाग खरोखर सोलापुरात झाला असेल, तर तिला वजन येतं. 'फक्त' हा शब्द राहून गेला तरी अर्थ बदलत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्वस्तिक गॅसेसच्या प्रकरणात म्हटलंय. तरी मी 'फक्त' लिहितोच. शाई स्वस्त आहे.

सॉफ्टवेअरचा करार, जवळून

आता टेक्नॉलॉजी. एक खरा प्रसंग सांगतो, ओळख पुसून. युनिफॉर्म बनवणाऱ्या एका अण्णांनी शाळांच्या ऑर्डरींसाठी ॲप करून घेतलं. जुळे सोलापुरातला एक हुशार मुलगा, स्वतंत्र काम करणारा. ठरलं तोंडी, २ लाख ४० हजार रुपये. ॲप झालं, चाललं. वर्षभराने मुलगा पुण्याला गेला आणि तेच ॲप रंग बदलून अण्णांच्या शेजारच्या कारखान्याला विकलं.

अण्णा माझ्याकडे आले ते तावातावाने. "पैसे मी मोजले, ॲप माझं. त्याला आत टाका."

मी विचारलं, "तो तुमच्याकडे पगारावर होता?"

"नाही हो, कामावर होता."

इथे अण्णा हरले होते. कॉपीराइट कायद्यात सॉफ्टवेअर ही साहित्यकृती धरली जाते आणि पहिला मालक तिचा कर्ता असतो. नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम मालकाचं होतं, पण बाहेरच्या माणसाकडून करून घेतलेलं सॉफ्टवेअर वेगळा लेखी करार नसेल तर त्या माणसाचंच राहतं. पैसे दिल्याने वापरायची मुभा मिळते, मालकी नाही. मालकी जायला लेखी आणि सही केलेलं हस्तांतर लागतं, कलम १९.

असा करार तुम्हाला लिहायला आला तर नवशिका काय लिहितो? "विकसकाने ॲप तयार करून कंपनीच्या ताब्यात द्यावे." ताबा म्हणजे काय? ॲपचा की सोर्स कोडचा, म्हणजे ॲप ज्यातून बनतं त्या मूळ लिखाणाचा? मी साधारण असं लिहितो: "या करारान्वये तयार झालेला सोर्स कोड, डिझाईन, डेटाबेसची रचना आणि त्यासंबंधीचे सर्व दस्तऐवज यांतील संपूर्ण कॉपीराइट, शेवटचा हप्ता विकसकास मिळताच, कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी आणि जगभरासाठी कंपनीस हस्तांतरित होईल, कंपनीने एका वर्षात वापर केला नाही म्हणून हे हस्तांतर रद्द होणार नाही."

यातला प्रत्येक तुकडा कशासाठी आहे ते बघा. मुदत लिहिली नाही तर कायदा हस्तांतर पाच वर्षांचंच समजतो. प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतं. एका वर्षात न वापरल्यास हक्क परत जातो, अशीही तरतूद आहे, म्हणून शेवटचं वाक्य. आणि 'शेवटचा हप्ता मिळताच' हे त्या मुलासाठी. तुम्ही अण्णांचे वकील असलात तरी मुलाचे पैसे अडकणार नाहीत असं लिहिलंत, तर तो आनंदाने सही करतो आणि काम वेळेत होतं. समोरच्याला पिळून घेतलेली सही पुढे त्रास देते.

मालकीच्या कलमापेक्षा महत्त्वाच्या तीन गोष्टी कराराच्या परिशिष्टात असतात, आणि त्या वकील बहुधा वाचतच नाहीत. डोमेन कुणाच्या नावावर घेतलंय? प्ले स्टोअरचं खातं कुणाच्या मेलवर? कोड ठेवलेल्या जागेचा आणि सर्व्हरचा पासवर्ड कुणाकडे? कागदावर मालक अण्णा आणि सगळ्या चाव्या मुलाच्या खिशात, अशी स्थिती मी पाच-सहा ठिकाणी पाहिलीये. सही करायच्या दिवशीच समोर बसवून खाती कंपनीच्या मेलवर उघडून घ्या.

काम झालं कधी म्हणायचं, हेही लिहा. "समाधानकारक" या शब्दावर भांडणं होतात. त्याऐवजी: ॲप सात दिवस खऱ्या ऑर्डरींवर चालेल, त्यात आढळलेल्या चुका दहा दिवसांत दुरुस्त होतील, नंतर पुढचा हप्ता. आणि "सोडून गेल्यावर तीन वर्षं असं काम करणार नाही" हे कलम घालून अण्णांना खूश करू नका. करार कायद्याच्या कलम २७ पुढे ते टिकत नाही. त्याऐवजी गुप्ततेचं कलम नीट लिहा: ग्राहकांची यादी, दर, डिझाईन कुणाला द्यायची नाहीत.

अण्णांचं पुढे काय झालं? खटला झाला नाही. मुलाला बोलावलं, थोडे आणखी पैसे देऊन हस्तांतराचा कागद करून घेतला. शेजाऱ्याचं ॲप चालूच राहिलं. आधी कागद झाला असता तर ठरलेल्या पैशांतच हे सगळं भागलं असतं.

माझा सिंगापूरचा किस्सा

नमुना करारांबद्दल सावध का करतो, तर मी स्वतः तोंडघशी पडलोय. सुरुवातीला इंटरनेटवरून उतरवलेल्या मसुद्यावर मी एका पुरवठ्याचा करार बेतला. नावं बदलली, रक्कम बदलली, रात्री दोनला पाठवून दिला. वाद झाल्यावर समोरच्या वकिलांचा फोन. "साहेब, लवाद सिंगापूरला आहे म्हणता, विमानाचं तिकीट तुमचा पक्षकार काढणार का माझा?" दोघेही चिंचोळी एमआयडीसीचे! त्यांनी मोठ्या मनाने दुरुस्तीवर सही दिली. तेव्हापासून मी मसुदा छापून, हातात पेन घेऊन, शेवटच्या पानाकडून पहिल्याकडे वाचतो. शेवटची कलमं कुणीच नीट वाचत नाही आणि घोळ तिथेच असतो.

एआयने लिहिलेल्या मसुद्यालाही हाच नियम. मी वापरतो, पहिला आराखडा काढायला. पण तो अस्तित्वात नसलेले निवाडे आत्मविश्वासाने सांगतो, आणि कोर्टापुढे ते ठेवणाऱ्या वकिलाची अब्रू जाते. निवाडा मूळ ठिकाणी उघडून वाचल्याशिवाय त्याचं नाव कागदावर येता कामा नये. पक्षकाराचा गुप्त करार फुकटच्या साधनात टाकणं तर वेगळंच पाप.

व्हॉट्सॲप कोर्टात कसं न्यायचं

"साहेब, सगळं व्हॉट्सॲपवर आहे." हे वाक्य आठवड्यातून तीनदा ऐकतो. आणि फोन? "तो एक्स्चेंजला दिला."

१ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आलाय. जुन्या ६५-बी चं काम आता कलम ६३ करतं. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत द्यायची तर प्रमाणपत्र लागतं, आणि आता त्याचे दोन भाग आहेत: एक भाग फोन किंवा संगणक ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू लिहायची. हॅश म्हणजे फाईलमधून गणिताने काढलेला आकडा. ताग्यातला एक धागा बदलला तर नुसत्या डोळ्यांनी कळत नाही, पण फाईलमधला बदल हा आकडा सांगून टाकतो, कारण एक स्वल्पविराम हलला तरी आकडा पूर्ण बदलतो.

प्रमाणपत्राची सक्ती कळायला महाराष्ट्रातलंच प्रकरण वाचा: अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, सर्वोच्च न्यायालय, जुलै २०२०. जालन्याची २०१४ ची निवडणूक, उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर हा प्रश्न, आणि पुरावा निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण. प्रत द्यायची असेल तर प्रमाणपत्र हवंच, मूळ उपकरणच मालकाने साक्षीत हजर केलं तर नको, आणि अधिकारी प्रमाणपत्र देत नसेल तर कोर्टाकडून मागवता येतं, हे त्यात स्पष्ट झालं. कायद्याचा क्रमांक बदलला तरी हा निकाल समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

व्यवहारात पक्षकाराला मी सांगतो: वाद दिसायला लागला की फोन बदलू नका, 'डिसअपिअरिंग मेसेज' बंद करा, चॅट मीडियासह एक्सपोर्ट करा, ती फाईल त्याच दिवशी पेन ड्राइव्हवर घ्या आणि हॅश काढून तारखेसह वहीत लिहा. स्क्रीनशॉट काढा, पण ते स्वतःला आठवावं म्हणून.

मराठीतून मिळणारं नवं काम

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य बंधनं १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. सुरक्षेची पुरेशी काळजी न घेतल्याबद्दल दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. हा आकडा सांगून घाबरवणारे पुष्कळ भेटतील. तुम्ही काम दाखवा.

सोलापुरात रुग्णालयं किती आहेत बघा. धाराशिव, विजयपुरा, कलबुर्गीहून लोक इथे येतात. प्रत्येक रुग्णालयात फॉर्मवर मोबाईल, आधार, आजार. क्लासवाल्यांकडे मुलांची माहिती, आणि १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागणार. पतसंस्थांकडे तर सगळंच. या सगळ्यांना संमतीची सूचना द्यावी लागेल, आणि ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय माणसाला द्यावा लागेल. मराठी, कन्नड, तेलुगू तिन्ही त्या यादीत आहेत. सोलापूरच्या वकिलाला यापेक्षा काय हवं? पण सूचना "डेटा प्रिन्सिपलच्या वैयक्तिक डेटाचे प्रक्रियाकरण" अशा भाषेत लिहू नका. "तुमचा मोबाईल नंबर आम्ही रिपोर्ट पाठवायला वापरतो. जाहिरातीला वापरणार नाही. नको असेल तर या नंबरवर कळवा." नर्सबाईंना वाचून दाखवा, त्यांना कळलं तर पेशंटला कळेल.

ट्रेडमार्क

हे सुरुवातीला हमखास मिळणारं काम. चादर आणि टॉवेल वर्ग २४ मध्ये, युनिफॉर्म वर्ग २५ मध्ये. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघु उद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी दर वर्गाला ४,५०० रुपये, बाकीच्यांना ९,०००. ट्रेडमार्क जर्नलमध्ये अर्ज छापल्यावर चार महिने हरकतीचे. नोंदणी दहा वर्षांची. 'सोलापुरी चादर' हे भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे त्या भागातल्या मालाचं सामाईक नाव, ते एकट्या कारखानदाराचा ट्रेडमार्क होऊ शकत नाही. त्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी आणि स्वतःचा ब्रँड वेगळा नोंदवावा. ही दोन वेगळी कामं आहेत हे सांगितलंत तरी मालक दुसऱ्यांदा येतो.

फी आणि पक्षकार

जाहिरात करता येत नाही. बार कौन्सिलचा नियम ३६ कामासाठी हात पसरायला मनाई करतो. इन्स्टाग्रामवर "वसुली गॅरंटीड" टाकणारे वकील बघून मोह होईल, टाळा. सीए, बँकेचे व्यवस्थापक आणि जुने पक्षकार, एवढ्यावर माझं ऑफिस चालतं. व्यापाऱ्यांच्या चेंबरमध्ये किंवा उद्योजकांच्या संघटनेत जाऊन ४५ दिवसांच्या नियमावर अर्धा तास बोला, मराठीत बोला, दोन वाक्यं तेलुगूत आली तर फारच छान. स्वतःचं नाव विकू नका.

"साहेब, वसूल झालं की दहा टक्के तुमचे." हे ऐकायला मिळणारच. निकालावर अवलंबून फी ठरवणं नियम २० खाली चालत नाही. मी हात जोडून नाही म्हणतो आणि टप्पे सांगतो: नोटीसचे इतके, मध्यस्थीचे इतके, दाव्याचे इतके. करारासाठी तासावर फी इथे कुणाला पटत नाही. कामावर एकरकमी ठरवा, पण दोन दुरुस्त्या त्यात, तिसरीपासून वेगळे, असं मेलवर लिहून द्या. माझा पहिला करार १,५०० रुपयांत होता आणि त्यात अकरा दुरुस्त्या झाल्या.

मुद्रांकाचं आधीच सांगून ठेवा. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात शंभराच्या जागी पाचशेचा मुद्रांक लागतो, आणि पक्षकाराला वाटतं वरचे चारशे तुम्हीच खाल्ले.

नोकरी घ्यायची असेल तर

दोन-चार वर्षांनी पुण्यातल्या एखाद्या आयटी कंपनीचा फोन येईल. पगार सोलापूरच्या प्रॅक्टिसच्या दुप्पट-तिप्पट. जायचं तर खुशाल जा. आतून कंपनी कशी चालते हे तिथेच कळतं. पण नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी करत वकिली करता येत नाही. नोकरी धरताना बार कौन्सिलला कळवून सनद स्थगित करावी लागते, परत येताना ती पुन्हा सुरू करावी लागते. माझ्या ओळखीच्या एकाने हे कळवलंच नाही. चार वर्षांनी सोलापूरला येऊन त्याने पहिलं वकीलपत्र दाखल केलं, तेव्हा समोरच्या वकिलाच्या हातात त्याचं कंपनीतलं व्हिजिटिंग कार्ड होतं, आणि त्या दिवशी त्याच्या पक्षकाराच्या अर्जाआधी त्याचीच चौकशी झाली.